जुन्या शहराची नवी घडी आणि माधवनगरची शांतता

न्यासाच्या महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, देणगीदारांचे ऋण व्यक्त व्हावे, विद्यार्थ्यांच्या यशाच्या वार्ता असाव्यात, हे योग्यच आहे. त्यांच्या पंगतीत रहदारी आणि गोंगाट यांसारखा रुक्ष विषय कशाला आणून बसविला, असे काही सभासदांना वाटेल. परंतु माधवनगरात राहणाऱ्यास हा विषय आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकचे उद्घाटन झाले. पुढील वर्षी के. डी. गेट ते इमली तिराहा या रस्त्याचे रुंदीकरण सुरू झाले. त्यानंतर २०२८ च्या सिंहस्थाची कामे त्यात येऊन मिळाली. ही सारी कामे मुख्यतः रेल्वेमार्गाच्या पलीकडची, म्हणजे जुन्या शहराची. आपल्या वस्तीचे नाव त्यात क्वचितच येते. भार मात्र येतो. तो कोणत्या वाटेने येतो आणि तो मोजता येतो काय, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. थोडे गणित करावे लागेल. शाळेत लॉगॅरिथमच्या तासाला मागच्या बाकावर बसणाऱ्यांनीही भिण्याचे कारण नाही.

प्रथम शहराची ठेवण ध्यानात घेऊ. जुने उज्जैन क्षिप्रेच्या काठी आहे. महाकालाचे आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्या पुढाकाराने पुन्हा उभे राहिले. गोपाळमंदिर बायजाबाईसाहेब शिंद्यांनी बांधविले. १८१० मध्ये शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. त्यानंतरही पटणी बाजार, छत्री चौक, सिंहपुरी, कार्तिक चौक या भागांची वीण पूर्वीचीच राहिली. गल्ली वळते, मध्येच रुंद होते, पुन्हा आवळते, आणि कोठेतरी एका ओट्यापाशी तिघाचौघांना उभे राहण्यापुरती जागा सापडते. माधवनगर याच्या अगदी उलट. माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत रुळांच्या या बाजूस सरळ रेषांनी आखलेली ही पेठ. व्यापाऱ्यांना जकातीची सवलत होती म्हणून तिला फ्रीगंज हे नाव पडले असे सांगतात, आणि सरकारी कागदापेक्षा ते नावच लोकांच्या तोंडी अधिक बसले. येथे रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात, आणि मधोमध टॉवर.

या दोन शहरांमध्ये रेल्वेमार्ग आहे. त्यामुळे देवास किंवा मक्सीकडून येणाऱ्याला महाकालाच्या दर्शनास जावयाचे तर रूळ ओलांडण्यासाठी मोजक्याच जागा आहेत. फ्रीगंजचा पूल, हरिफाटकचा पूल, आणि अशाच एक-दोन. पलीकडे रस्ता कितीही रुंद केला तरी त्या रस्त्यापर्यंत पोचणारे वाहन या मानेतूनच जाणार. तांब्याचे पोट मोठे केल्याने त्याच्या तोंडातून पडणारी धार वाढत नाही. रहदारीशास्त्रातील पहिला धडा हाच होय. रस्त्याची क्षमता त्याच्या सर्वांत रुंद भागावर ठरत नसून सर्वांत अरुंद भागावर ठरते.

दुसरा धडा चौकाचा. दोन सारखे रस्ते जेथे एकमेकांना छेदतात, तेथे प्रत्येकास तासातील अर्धाच वेळ मिळतो, आणि दिवा बदलताना काही क्षण दोघांचेही वाया जातात. म्हणजे चार पट्ट्यांचा रस्ता चौकात दोन पट्ट्यांहूनही कमी होऊन बसतो. माधवनगरात तर दर शेदोनशे पावलांवर चौक. फ्रीगंजच्या जुन्या पुलाशेजारी दुसरा पूल बांधण्याची योजना पुढे आली, तिचे स्वागत सर्वांनी केले, मीही केले. परंतु पूल दुप्पट झाला की अडथळा नाहीसा होत नाही. तो पुलावरून उतरून पुढच्या चौकात येऊन बसतो. पुलाचा नकाशा पाहताना पुलाच्या दोन्ही टोकांच्या चौकांचा नकाशा त्यासोबत आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट उभ्या वाहनांची. चालणारे वाहन सर्वांना दिसते. उभ्याकडे लक्ष जात नाही. समजा, एखादा रस्ता तोडफोड करून पंधरा मीटर रुंद केला. दोन्ही कडांना एकेक मोटार उभी राहिली म्हणजे दोन-दोन मीटर गेले. त्यांच्या बाहेर दुचाकींची रांग, फळवाल्याची गाडी, प्रवाशांची वाट पाहणारी ई-रिक्षा, यांनी दोन्हीकडचे आणखी दीड-दीड मीटर घेतले. उरले आठ. ज्यांनी आपल्या घराचा पुढचा भाग यासाठी दिला, त्यांनी तो वाहतुकीला दिला असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात त्यातला बराचसा वाहनतळाला गेला, तोही फुकट.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा न्यास स्थापन झाला. त्याने दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड ही त्याचीच कामे. हवा खेळती झाली हे खरे. पण ज्यांच्या चाळी पाडल्या ते लोक कामधंदा सोडून दूर जाणे शक्य नव्हते. ते शेजारच्या चाळींत शिरले, आणि एका गल्लीतली गर्दी दुसऱ्या गल्लीत गेली.

याच काळात आपल्या शेजारी, इंदूरला, एक निराळाच माणूस आला होता. पॅट्रिक गेडीस हा स्कॉटलंडचा जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झाला. होळकर दरबारासाठी त्याने इंदूर शहराचा अभ्यास केला आणि १९१८ मध्ये दोन खंडांचा अहवाल दिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, शहर हे यंत्र नसून जिवंत शरीर आहे. शस्त्रक्रिया करावयाची तर आधी रोगनिदान, आणि तीही जितकी कमी तितकी बरी. जुन्या पेठेतून सरळ हमरस्ता नेण्याऐवजी मोडकळीला आलेली चार घरे काढावी, तेथे लहानसे अंगण मोकळे करावे, बंद गल्ली दुसरीला जोडावी, झाड असेल तर राखावे. नकाशावर रेघ ओढण्यापूर्वी तो पायी हिंडे. लोकांना हा विक्षिप्त गोरा आपल्या घराकडे टक लावून का पाहतो असा धाक वाटे. मग त्याने दिवाळीत मिरवणूक काढली. मिरवणुकीचा मार्ग नेहमीचा राहणार नाही. ज्या रस्त्यांतील लोकांनी आपली घरे व मोऱ्या स्वच्छ केल्या असतील तेथूनच ती जाईल, असे त्याने जाहीर केले. शहर झाडून निघाले. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती आणि नवी शुभ्र वस्त्रे ल्यालेले सफाई कामगार मानाने चालत होते. असो. गेडीस माझा आवडता मनुष्य असल्याने मी विषयापासून थोडा दूर गेलो. परंतु आधी पाहणी आणि मग आखणी, हा त्याचा क्रम पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता गोंगाटाकडे वळू. ध्वनी डेसिबल या मापाने मोजतात, आणि हे माप पायलीसारखे सरळ चढत नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची ऊर्जा दसपट झाली. कानाला मात्र आवाज सुमारे दुप्पट वाटतो. तीन डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा दुप्पट. तेव्हा रस्त्यावरची वाहने दुप्पट झाली तर आवाज तीनच डेसिबलने चढतो, आणि तेवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. म्हणूनच गोंगाट वाढत असतो तेव्हा कोणी तक्रार करीत नाही. पुढे असह्य झाला आणि महत्प्रयासाने निम्मी वाहने दुसरीकडे वळविली, तरी उतरतात तीनच. चढताना जी गोष्ट कळली नाही, ती उतरवतानाही कळत नाही.

आपल्या देशात ध्वनिप्रदूषण नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल व रात्री ४५, व्यापारी भागात ६५ व ५५, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्या सभोवार शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ५० व ४०. दिवस सकाळी ६ ते रात्री १० असा धरतात. ही मर्यादा क्षणाच्या आवाजाची नसून ठराविक वेळेच्या ऊर्जेच्या सरासरीची आहे. सरासरी म्हटले की लोकांना हायसे वाटते. एखादा भोंगा वाजला तर काय बिघडले? त्याचे गणित करू. एक तास पूर्ण नि:शब्द आहे असे समजा. त्यात एकदाच, एकच सेकंद, आपल्या खिडकीशी ९० डेसिबल भरेल असा भोंगा वाजला. तासात ३६०० सेकंद. लॉगॅरिथमच्या हिशेबाने त्यासाठी ९० मधून सुमारे ३५.६ वजा करावयाचे. उरले ५४.४. म्हणजे बाकी सारा तास स्मशानशांतता असूनही दिवसाचा निवासी कोटा जवळजवळ संपला, आणि रात्र असेल तर नऊ डेसिबलनी ओलांडला. असे दहा भोंगे वाजले तर सरासरी ६४.४. रस्त्यावर हजार वाहने गेली की बाराशे, याने जेवढा फरक पडत नाही तेवढा चालकाच्या अंगठ्याने पडतो. ई-रिक्षा आली तेव्हा इंजिनाची धडधड गेली म्हणून मी आनंदलो होतो. भोंगा राहिला.

चालक भोंगा केव्हा वाजवितो हे गॅलरीत बसून पाहण्यासारखे आहे. वाहतूक पूर्ण तुंबलेली असते तेव्हा फारसा नाही. तेथे इलाज नसतो हे त्यालाही कळते. दिवा हिरवा झाला आणि पुढचा क्षणभर रेंगाळला, उभी मोटार अचानक मागे आली, प्रवासी घेण्यासाठी रिक्षा मध्येच थांबली, अशा वेळी तो वाजतो. म्हणजे गोंगाटाचे मूळ वाहनांच्या संख्येइतकेच वाहनांच्या थांबण्याच्या अव्यवस्थेत आहे. वाहनतळाचा प्रश्न आणि झोपेचा प्रश्न हे एकच होत.

रुंदीकरणाचा घरावर काय परिणाम होतो याचा विचार नुकसानभरपाईच्या पलीकडे फारसा केला जात नाही. जुन्या घराची रचना पाहा. रस्त्याला लागून ओटा, मग ओसरी किंवा दुकानाची खोली, मग चौक, आणि निजण्याच्या खोल्या त्यामागे. पुढच्या खोल्या हे एक प्रकारचे कानटोपरेच होते. रुंदीकरणात घर मागे सरकत नाही. रस्ता पुढे येतो. पुढची खोली कापली गेली की काल जी मधली होती ती आज रस्त्यावर येते, आणि तेथेच आजीचा पलंग असतो. वाहत्या रस्त्यापासूनचे अंतर निम्मे झाले तर आवाज सुमारे तीन डेसिबल चढतो. मधली भिंत व दरवाजा गेल्याने चढतो तो त्याहून पुष्कळ अधिक. शिवाय रात्री अकरानंतर रुंद, मोकळा रस्ता वेगाला आमंत्रण देतो. दिवसा तुंबलेला आणि रात्री भरधाव, असा दोन्हीकडून तोटा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी मार्गदर्शक मर्यादा दिल्या, त्यात रस्त्याच्या रात्रीच्या आवाजासाठी ४५ डेसिबल हाच आकडा आहे. त्यावर झोप मोडते, आणि दीर्घकाळच्या रहदारीच्या आवाजाचा हृदयविकाराशी संबंध आढळतो. आमच्या पिढीला हे सांगावयास युरोप नको, पण कागदावर आकडा असलेला बरा.

आणि आता माधवनगरचा खरा प्रश्न. पलीकडे दुकानाची जागा अर्धी झाली की व्यापारी दुसरी जागा शोधतो. पलीकडे सणाच्या दिवशी वाहनांना बंदी झाली की ती वाहने अलीकडे उभी राहतात. यात्रेकरूला खोली हवी असते, आणि आपल्या जुन्या बंगल्यांच्या जागा मोठ्या असतात. हळूहळू निवासी गल्ली व्यापारी होते. नियमांच्या भाषेत याचा अर्थ काय, ते पाहा. मिश्र वस्तीला कोणत्या वर्गात घालावयाचे हे अधिकारी ठरवितात. निवासीची व्यापारी केली की मर्यादा ५५ वरून ६५ वर जाते. दहा डेसिबल, म्हणजे दसपट ध्वनिऊर्जेला एका शेऱ्याने परवानगी. त्यावर ना हरकत मागविण्यात येते ती बांधकामाची, ध्वनीची नाही. माधवनगरचे रुग्णालय येथेच आहे. त्याच्या शंभर मीटरच्या आत भोंगा वाजविण्यास मनाई आहे हे किती चालकांना ठाऊक असेल, याविषयी मी शंका घेत नाही. मला खात्रीच आहे.

मग लाखो यात्रेकरू येणार त्यांचे काय, असा प्रश्न कोणीही विचारील. त्यांनी यावेच. पण यात्रेकरू आणि त्याची मोटार या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक मीटर रुंदीच्या वाटेवरून तासाला सुमारे दोन हजार माणसे विनासायास चालतात. मोटारीच्या एका पट्टीला तीन मीटर लागतात, आणि चौकांनी भरलेल्या शहरात त्यावरून तासाला सहाशे-आठशे मोटारी जातात. दर मोटारीत दोन माणसे धरली तर बारा-सोळाशे. तेवढ्याच तीन मीटरांवरून पायी सहा हजार. महाकालाची सवारी दरवर्षी हेच गणित सोडवून दाखविते. गुदरी, बक्षी बाजार, कहारवाडी या वाटेने पालखी रामघाटावर जाते आणि कार्तिक चौक, ढाबा रोड, छत्री चौक, गोपाळमंदिर, पटणी बाजार या वाटेने परतते. तीही श्रावणात आणि भाद्रपदाच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे उत्तरेचा पौर्णिमान्त श्रावण आणि आपला अमान्त श्रावण असे दोन्ही सांभाळून. शिंदेशाहीची ही एक गोड खूण. त्या अरुंद गल्ल्यांतून एवढा समुदाय जातो तो कोणी मोटारीत बसलेला नसतो म्हणून. २०१६ च्या सिंहस्थात, २२ एप्रिल ते २१ मे या काळात, वाहने शहराबाहेरच्या तळांवर थांबविण्यात आली आणि माणसे पायी घाटावर गेली. चालणे लांबले, वृद्धांचे हाल झाले, ही त्या व्यवस्थेची उणीव खरीच. लहान बसगाड्या अधिक असत्या तर ती कमी झाली असती. परंतु एक महिना जे जमले ते वर्षातील गर्दीच्या पन्नास-साठ दिवसांना जमवावे, आणि नवे वाहनतळ शहराच्या पोटात न खणता वेशीवर करावे, ही मागणी अवास्तव नाही.

दुसऱ्यांना बोलताना आपलेही घर झाडावयास हवे. न्यासाच्या सभागृहात लग्ने होतात. त्या भाड्यावरच शिष्यवृत्त्या चालतात, हे मी विसरलेलो नाही. परंतु एका लग्नाला पंचवीस मोटारी आल्या आणि त्या रस्त्याच्या कडेला एकीमागे एक लागल्या, तर प्रत्येकी सहा मीटरप्रमाणे दीडशे मीटर रस्ता गेला, म्हणजे या चौकापासून पलीकडच्या चौकापर्यंतची एक कड. वरात सभागृहापाशी पोचून अर्धा तास दारातच नाचते, आणि त्यामागे अडकलेले प्रत्येक वाहन भोंगा वाजविते. ध्वनिक्षेपकाला रात्री १० ची मर्यादा आहे. आपण ती दहा-वीस मिनिटांनी ओलांडतो आणि शेजारी ओळखीचे म्हणून बोलत नाहीत. सभागृहाच्या भाडेपत्रात वरातीची वेळ, ध्वनिक्षेपकाची वेळ आणि वाहने कोठे लावावयाची हे तीन मुद्दे लिहिले जावेत, अशी सूचना मी विश्वस्त मंडळापुढे ठेवली आहे. एका विश्वस्तांनी विचारले, याने बुकिंग कमी होईल काय? होईलही थोडे.

आराखड्यांवर हरकत घेण्याचा हक्क मध्यप्रदेशच्या १९७३ च्या नगर व ग्राम निवेश कायद्याने नागरिकांना दिलेला आहे. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर किमान तीस दिवसांची मुदत असते. बहुतेक हरकती घर तुटते, मोबदला कमी मिळतो अशा असतात. त्यांना ठरलेले उत्तर ठरलेल्या कारकुनाकडे तयार असते. आकडे घेऊन येणाऱ्यास उत्तर देणे अवघड जाते. आणि आकडे तीस दिवसांत गोळा होत नाहीत, कारण श्रावणी सोमवार त्या मुदतीत येईलच असे नाही. रस्ता एकदा रुंद झाला, गल्ली एकदा व्यापारी झाली, की आधीची स्थिती काय होती हे सांगणारा पुरावा कोठेच उरत नाही. गेडीसचा क्रम येथे लागू पडतो.

म्हणून सभासदांना एक काम सुचवितो. आपापल्या घरासमोर तीन दिवस निवडावे. एक साधा बुधवार, एक शनिवार, एक सणाचा किंवा सवारीचा दिवस. प्रत्येक दिवशी सकाळी ९, सायंकाळी ६ आणि रात्री ११ वाजता पंधरा-पंधरा मिनिटे बसावे. गेलेली वाहने प्रकारवार मोजावी. दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, मालमोटार. भोंगे वेगळे मोजावे. समोरच्या कडेला उभी वाहने किती, तेही लिहावे. हल्ली फोनमध्ये आवाज मोजण्याची सोय मिळते; तिचा आकडा न्यायालयात चालण्याइतका बिनचूक नसतो, पण एकच फोन एकाच खिडकीत एकाच जागी धरला तर आज आणि पुढील वर्षी यांतला फरक तो प्रामाणिकपणे सांगतो. मोजणारे दोघे असावेत, एकाने बोलावे आणि दुसऱ्याने लिहावे. आजोबा आणि नात ही जोडी या कामास उत्तम, कारण नातीचे कान चांगले असतात आणि आजोबांना वेळ असतो. वहीत तारीख, वेळ, घराची दिशा आणि त्या दिवशी पाऊस होता की नाही एवढे अवश्य लिहावे. आखलेल्या वह्या आणि पेन्सिली न्यासाच्या कार्यालयात, वाचनालयाच्या डावीकडील कपाटात ठेवल्या आहेत. संध्याकाळी ५ नंतर मागून घ्याव्या.